गळक्या कार्ब्युरेटरची कैफियत

ज्यांच्या अंगणात वडिलार्जित मोटार अजून उभी आहे आणि ती शोभेची वस्तू न राहता रस्त्यावर धावावी अशी ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहून ठेवीत आहे; कारण कार्ब्युरेटरची गळती ही वरवर क्षुल्लक दिसणारी व्याधी असली, तरी तिच्यापायी पैसा, इंजिन आणि प्रसंगी प्राण या तिन्हींवर गदा येऊ शकते, आणि क्रमाने तपास केला तर तिचे निदान मुळीच दुर्घट नाही.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० या मोटारीचा हा भारतीय अवतार सिद्ध झाला. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, त्यावर सोलेक्स बनावटीचा एकच कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्याच कॅमवर चालणारा पेट्रोलचा पंप, ज्याला मिस्तरी मंडळी आजही एसी पंप म्हणतात, एवढी तिची साधी रचना. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. परंतु फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावी, नीट निगा राखली, तर ही गाडी आजही इमानाने काम देते.

ऐन वैशाखात संभाजीनगरहून परतताना चौका घाट चढून आल्यावर गाडीत पेट्रोलचा उग्र दर्प येऊ लागला, मागे काळा धूर दिसू लागला, आणि बॉनेट उघडून पाहावे तो कार्ब्युरेटरच्या झाकणाच्या सांध्यापासून खालपर्यंत ओल पसरलेली. शहरातील एका कार्यशाळेत गाडी दाखविली. तेथे प्रथम मिश्रणाचा स्क्रू आवळला गेला, मग मुख्य जेट लहान घातला गेला, मग दुरुस्तीचा संपूर्ण संच बदलला गेला, आणि एवढ्यानेही गळती थांबेना तेव्हा झाकणाचे स्क्रू अशा बळाने पिळले गेले की झाकणाचा मऊ धातू वाकून सांधा पूर्वीपेक्षा अधिक पाझरू लागला. प्रत्येक उपायाचे बिल रीतसर होते; निदान मात्र एकाही उपायापूर्वी झालेले नव्हते.

अखेर आमच्याच गावच्या एका वयोवृद्ध मिस्तरींनी पान्याला हात न लावता विचारले, "साहेब, हा विजेचा पंप हिला कोणी बसवला?" गाडी दीर्घकाळ शेडमध्ये उभी राहिल्यानंतर ती पुन्हा चालू करून देताना एका फिटरने जुना पंप काढून बाजारात मिळेल तो विजेचा पंप जोडला होता. मिस्तरींनी इंजिन बंदच ठेवून एअर क्लीनर उतरविला आणि केवळ तो पंप चालू केला. क्षणात कार्ब्युरेटरच्या गळ्यात पेट्रोलची धार उतरू लागली. पंप व कार्ब्युरेटर यांच्यामध्ये दाबमापक जोडला, तेव्हा काटा कॅमच्या पंपाचा दाब कितीतरी मागे टाकून पुढे गेला.

येथे यंत्राचे तत्त्व ध्यानी घेणे अगत्याचे आहे. फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल भरले की फ्लोट वर येतो आणि नीडल व्हॉल्व्ह बंद करतो. फ्लोटचे उचलबळ ठरलेले असते. जुन्या कार्ब्युरेटरला साधारण दोन ते तीन पौंडांचा दाब अभिप्रेत असतो, आणि दाब त्याहून फार वाढला की नीडल कितीही नवी असली तरी ती पेट्रोल रोखू शकत नाही. पातळी काही मिलिमीटर जरी चढली, तरी हवेच्या ओढीवाचूनच पेट्रोल नळीतून पाझरू लागते आणि मिश्रण गडद होते. ज्या दोषाचे मूळ पातळीत आहे तो स्क्रूने कसा जाईल?

म्हणून तपास टाकीपासून प्लगकडे, याच क्रमाने करावा. प्रथम दाब मोजावा. आमच्या गाडीत मूळ पद्धतीचा पंप नव्या पडद्यासह पुन्हा बसविला. या पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट इंजिनच्या तेलात उतरते. म्हणून तेलाची पट्टी काढून पाहावी, आणि पातळी वाढलेली वा तेलाला पेट्रोलचा वास असेल, तर तेल बदलल्याखेरीज गाडी चालवू नये, कारण पातळ झालेले तेल बेअरिंगांचे रक्षण करीत नाही.

दुसरी पाहणी नीडल आणि तिची बैठक यांची. टोकावर झिजेची कडी दिसली तर दोन्ही एकत्र बदलावीत. बैठकीखालील वॉशरची जाडी हीच पेट्रोलची पातळी ठरविते, हे विसरून हाती लागेल तो वॉशर घालू नये. फ्लोट पितळी असेल तर कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळले, किंवा गरम पाण्यात बुडविल्यावर बुडबुडे आले, तर तो फुटका समजावा.

तिसरी पाहणी चोकची. केबल गंजून अडकली की डॅशबोर्डची मूठ आत गेलेली दिसते, पण कार्ब्युरेटरवरची तरफ पूर्ण परतलेली नसते. आमच्या गाडीतही हा दोष काही अंशी होताच. म्हणून तरफ डोळ्यांनी पाहून खात्री करावी. पुढे एअर क्लीनर, जो आमच्याकडच्या धुळीने लवकर चोंदतो. त्यापुढे हवेचे बारीक जेट, जे बुजले की मिश्रण गडद होते. जेट तारेने कधीही खरवडू नयेत. पितळ मऊ असते आणि मोठे झालेले छिद्र पुन्हा लहान होत नाही. सर्वांत शेवटी प्लग आणि पॉइंट तपासावेत, कारण ठिणगी दुर्बल असली तरी प्लग काळेच पडतात आणि दोष विनाकारण कार्ब्युरेटरच्या माथी येतो.

गळती केव्हा होते याचीही नोंद ठेवावी. गार इंजिनावर, पंप चालू असताना पेट्रोल ओघळले तर दोष दाबाचा, नीडलचा किंवा फ्लोटचा. केवळ घाट चढून उन्हात गाडी थांबविल्यावर ओघळले, तर बहुधा इंजिनच्या उष्णतेने चेंबरमधील पेट्रोल उकळत असते; तेथे कार्ब्युरेटरखालचा उष्णतारोधक तुकडा शाबूत आहे काय आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर आहे काय, हे पाहावे.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटवर मिश्रण विरळ व्हावयास हवे. तरीही गाडी गडद चालत असेल, तर दोष निश्चित आहे असे समजावे. जुन्या रबरी नळ्या आणि पडदे इथेनॉलने फुगतात वा मऊ पडतात, आणि टाकीच्या तळाचा सुटलेला मळ नीडलखाली येऊन अडकतो. तेव्हा इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि चेंबरपूर्वी एक गाळणी, एवढी तजवीज करावीच.

दुरुस्ती झाल्यावर प्रदूषण तपासणी केंद्रात केवळ दाखला घेऊन परतू नये. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मागून लिहून ठेवावा. या पिढीच्या मोटारींना मंद गतीवर ३ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि दर तपासणीत चढत जाणारा आकडा गळतीच्या आधीच इशारा देतो.

पेट्रोलची वाफ हवेहून जड असते आणि शून्याखालच्या तापमानातही पेट घेते. म्हणून बॅटरीची तार सोडविल्याशिवाय, अग्निशामक जवळ ठेवल्याशिवाय आणि जागा मोकळ्या हवेची असल्याशिवाय कामाला आरंभ करू नये. गळकी गाडी "घरापर्यंत तरी नेऊ" म्हणून चालवू नये. जुन्या गाड्यांच्या मालकांना माझी एवढीच विनंती आहे, की मिस्तरीने स्क्रूला हात घालण्यापूर्वी त्याच्याकडून दाब आणि पातळी या दोन गोष्टी मोजून घ्याव्यात, आणि ज्याची मोजण्याची तयारी नाही त्याच्या हाती गाडी देऊ नये.