साथीच्या रुग्णालयांतील रोग्याचें मन

करोनाच्या साथींत रोग्याचा ताप व प्राणवायु मोजण्याची पुष्कळ धांदल झाली; त्याच्या मनाची चौकशी मात्र थोड्यांनींच केली. त्याविषयीं आज लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

जागतिक आरोग्य संघटनेनें ता. ११ मार्च २०२० रोजीं ह्या साथीस महामारी म्हटलें. पुढें नातलगांस रुग्णालयांत मनाई झाली. संसर्ग टाळण्यास ती हवी होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आपल्या खेड्यांत आजाऱ्याच्या उशाशीं घरचें माणूस बसतें, पेज भरवतें, पाय चेपतें. तेथें डोक्यापासून पायांपर्यंत झाकलेला सेवक येई, त्याचे डोळेच काय ते दिसत. शेजारचा मनुष्य रात्रीं दगावला तर पहांटे ती खाट रिकामी दिसे. इ.स. १८९७ च्या प्लेगांत पुण्याचे लोक रोग्यांस घरांत दडवीत, त्याचें एक कारण असलेंच भय होतें.

भयाहून निराळा एक विकार आहे, त्यास भ्रम किंवा वात होणें म्हणतात. प्राणवायु कमी पडणें, तीव्र ताप, गुंगीचीं औषधें, मोडलेली झोप व रात्रंदिवस जळणारे दिवे ह्यांमुळें मेंदूचें काम कांहीं तासांत बिघडतें. रोगी वार विसरतो, मेलेल्या नातलगांशीं बोलतो, नळ्या उपसतो, परिचारिकेस वैरीण समजतो. घटकाभरानें शुद्धीवर येतो व सायंकाळीं पुन्हां भरकटतो. घरच्यांस वाटतें, हा वेडा झाला, अथवा ह्यास बाहेरची बाधा झाली. दोन्ही खोटें. १४ देशांतील ६९ अतिदक्षता विभागांतल्या २,०८८ करोना-रोग्यांचा अभ्यास इ.स. २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत निम्म्याहून अधिकांस भ्रम झाल्याचें आढळलें. ज्यांस घरचीं माणसें प्रत्यक्ष अथवा फोनच्या पडद्यावर भेटत, त्यांस तो होण्याचा संभव कमी दिसला. मूळ आजार उतरला म्हणजे भ्रमही बहुधा ओसरतो.

तेव्हां पुन्हां अशी वेळ आल्यास रोग्याबरोबर चष्मा, कानांतलें यंत्र व फोनची तार अवश्य पाठवावी. घाईंत नेमक्या ह्याच वस्तु विसरतात. "धीर धर, रडूं नकोस," हें पालुपद नको. "आजी, मी तुझा धाकटा नातू बोलतों. आज मंगळवार आहे. तूं दवाखान्यांत आहेस. आपली गाय व्याली, कालवड झाली," असें साधें बोलावें. उपदेशकांनींही लांब बोध करूं नये. धाप लागलेल्यास दोन वाक्यें पुरेत. इ.स. २०१५ सालीं लायबेरिया देशांत इबोलाच्या साथींत सेवकांच्या झग्यावर त्यांचेंच छायाचित्र चिकटविण्याची युक्ति निघाली, ती आम्हांस फार आवडली.

घरांत कोणी वारलें असेल तर तें रोग्यापासून लपवावें काय? हा प्रश्न कठीण आहे. खोटें सांगूं नये असें आमचें मत आहे, कारण तें उघडकीस आल्यावर तो कोणावरच विश्वास ठेवीत नाहीं. मात्र केव्हां व कोणीं सांगावें हें डॉक्टरांस विचारून ठरवावें, आणि सांगणाऱ्यानें सांगून लगेच फोन ठेवूं नये.

रोगी घरीं परतल्यावरही झोप न येणें, दचकून उठणें, रुग्णवाहिकेच्या आवाजानें घाम फुटणें, हें महिनोगणती राहूं शकतें. त्यांत गांवानें पाणवठ्यावर त्यास टाळलें म्हणजे दुखणें दुणावतें. करोनांत असें पुष्कळ ठिकाणीं घडलें. जीव द्यावासा वाटतो असें कोणी बोलल्यास त्यास एकटें सोडूं नये. सरकारची 'टेली-मानस' सेवा ता. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर मराठींत, रात्रीं-अपरात्रींही, विनामूल्य बोलतां येतें.