मेंदूतला लाल ठिपका

प्रश्न : ‘प्रेमाची जागा मेंदूत सापडली’ अशी बातमी रंगीत चित्रासह वाचली. खरी मानावी का?

उत्तर : लगेच नको. अशी चित्रे देणारे एफएमआरआय हे स्कॅनचे तंत्र मेंदूतल्या पेशींचे काम थेट मोजत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनमुळे पडणारा चुंबकीय फरक मोजते, तोही दोन स्थितींच्या तुलनेत. लाल रंग हा संख्याशास्त्रीय चाचणीचा निकाल असतो. हजारो बिंदू एकदम तपासले की काही निव्वळ योगायोगानेही उजळतात, म्हणून आकडेमोडीत त्यासाठी दुरुस्ती करावी लागते. २००९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी मेलेल्या सॅमन माशाला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’, आणि ही दुरुस्ती न करता केलेल्या आकडेमोडीत त्याचाही मेंदू ‘सक्रिय’ निघाला! (या कामाला २०१२ मध्ये इग्नोबेल हा गमतीदार संशोधनाचा पुरस्कारही मिळाला.) शिवाय इन्सुला हा भाग वेदनेत, किळस आल्यावरही उजळतो, तो दिसला म्हणून प्रेम सिद्ध होत नाही. तुलना कशाशी आणि दुरुस्ती कोणती, हे बातमीत नसेल तर मूळ शोधनिबंध पाहा.