गणित घेणाऱ्या पोरांना चार शब्द

पोरांनो, "गणित घेऊन मास्तर होण्यापलीकडं काय?" असं कुणी विचारलं, तर त्याला पां. वा. सुखात्मे सांगा. साताऱ्यातल्या बुध गावात 1911 साली जन्मलेला हा माणूस संख्याशास्त्राच्या जोरावर जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचा प्रमुख झाला. शिवारातले मोजके तुकडे निवडायचे, त्यांची कापणी करून वजन करायचं आणि त्यावरून सगळ्या भागाचं उत्पन्न काढायचं, हे शास्त्र देशात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. पीक विम्यासाठी होणारे पीक कापणी प्रयोग याच शास्त्रावर चालतात.

आता कामाचं ऐका.

अकरावीला गणित सोडू नका. नंतर ते पुन्हा धरणं फार अवघड.

स्वतःचा कल ओळखा. एखादं सूत्र खरं का, हे सिद्ध होईपर्यंत चैन पडत नसेल तर गणिताकडं जा. तासगावच्या सौद्यात नमुना बघून अख्ख्या बेदाण्याचा भाव ठरतो. तसा थोड्यावरून सगळ्याचा अंदाज बांधायला आवडत असेल तर संख्याशास्त्र तुमचं.

बी.एस्सी.ला गणित मुख्य असलं तरी संख्याशास्त्र हा विषय जोडीला ठेवा. केंद्राच्या भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला पदवीत तो विषय लागतो, नुसत्या गणितावर बसता येत नाही.

बारावीतच कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची माहिती काढा. 1931 साली संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी ती उभी केली. प्रवेश परीक्षा अवघड असते, पण तिच्या तयारीनं गणित पक्कं होतं, ते कुठंही उपयोगी पडतं.

पदवीनंतर आयआयटीत एम.एस्सी. करायची तर 'जॅम' परीक्षा द्या. गणित आणि गणितीय संख्याशास्त्र असे दोन वेगळे पेपर असतात. घराजवळ राहायचं तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात दोन्ही विषयांचे विभाग आहेत.

विम्यातली जोखीम मोजणारे ॲक्च्युअरी असतात. त्यांची प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते. पुढचे पेपर मात्र वर्षानुवर्षं चालतात, धीर असेल तरच उतरा.

पहिल्या वर्षापासून 'आर' किंवा 'पायथन' ही संगणकाची भाषा शिका. दोन्ही फुकट मिळतात. आकडेमोड संगणक करेल, पण आकड्यांवर विश्वास कधी ठेवायचा हे तुम्हालाच कळायला हवं.

आणि पालकांनो, मुलगी गणितात हुशार असेल तर तिला जवळचं कॉलेज म्हणून भलत्या शाखेला घालू नका. तिला गणितच शिकू द्या.