कोळप्याची पास बोथट, तणाला रान मोकळे

माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडच्या काळ्या रानात पावसाची झड उघडली की सोयाबीनच्या ओळींमध्ये केना, हराळी आणि लव्हाळा एकदम उसळतो. पेरणीनंतरचे पहिले 30 ते 45 दिवस निर्णायक असतात. या काळात तणाने दाबलेले पीक नंतर खत टाकून सावरत नाही. बैलबारदाना घटल्यामुळे हे काम आता हाताने ढकलायच्या सायकल कोळप्यावर आले आहे, आणि त्याची सारी मदार पाशीच्या, म्हणजे कोळप्याच्या पात्याच्या, धारेवर असते.

बोथट पास तण कापत नाही, नुसते लोळवते. संध्याकाळी रान स्वच्छ दिसते आणि चार दिवसांत तेच तण पुन्हा उभे राहते. त्यावर तोड म्हणून कोळप्याला दगड बांधण्याची खोड अजून सुटलेली नाही. वजनाने पास खोल घुसते, सोयाबीनच्या मुळ्या तुटतात आणि ढकलणाऱ्याचा दम जातो. पास जमिनीखाली जेमतेम 2 ते 3 सेंटिमीटरवर चालली पाहिजे.

धार लावण्यापूर्वी पास खोलून माती आणि गंज खरवडावा. ज्या अंगाला मूळ उतार आहे, त्याच अंगाने सपाट कानस एका दिशेने चालवावी. परत आणताना ती उचलून घ्यावी. दुसऱ्या अंगावर आलेली बारीक कोर हलक्या हाताने काढावी. वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडरवर धार लावून घेणे झटपट होते, पण पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. अशा पाशीला लोहाराकडून पुन्हा पाणी द्यावे लागते. रोज सकाळी कानशीचे चार हात मारले, तर ही वेळ येत नाही.

धार असूनही वाफसा नसेल तर कोळपणी वाया जाते. ओल्या रानात केन्याचे तुकडे पेराला मुळ्या फोडतात. वेचून बांधावर टाकलेला केनाही तिथेच जगतो. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहतात, त्या खोदूनच काढाव्या लागतात. उभ्या सोयाबीनमध्ये ग्लायफोसेटमध्ये मीठ मिसळून फवारण्याचा घरगुती उपाय तणाबरोबर पीकही मारतो. तो करूच नये.

पहिली कोळपणी पेरणीनंतर 15 ते 20 दिवसांनी, दुसरी 30 ते 35 दिवसांनी करावी. फुले लागल्यावर कोळपे रानात घालू नये. काम संपताच नटबोल्ट आवळून, चाकाच्या आसाला वंगण द्यावे आणि कोरड्या पाशीला तेल पुसून ठेवावे. झिजून अरुंद झालेली पास बदलावी.