एक लॅपटॉप, चाळीस रिमोट: क्विझ सेटचा धंदा करण्याआधी हे वाचा

मागच्या व्हिडिओत क्विझचा सेट भाड्याने देण्याच्या धंद्याबद्दल बोललो होतो. रिमोटचा भाग घाईत गेला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. माझे स्वतःचे पैसे याच ठिकाणी अडकले होते.

गणपतीत शहापूरजवळच्या एका मंडळाने विचारलं, "केबीसीसारखी स्पर्धा घेता का?" मी लगेच हो म्हटलं. स्लाइड बदलायचे सहा वायरलेस रिमोट आणले, यूएसबी हब लावला, सहाही डोंगल खोचले. दुकानात तपासलं, सगळे चालले. कार्यक्रमात पहिल्याच प्रश्नाला दोन टीमनी बटण दाबलं, स्लाइड दोनदा पुढे सरकली आणि थेट उत्तरच पडद्यावर! आधी कोणी दाबलं यावरून अशी जुंपली की शेवटी हात वर करायला लावून स्पर्धा उरकली. ठरलेले निम्मेच पैसे हातात आले, आणि मागायला तोंडही नव्हतं.

रिमोट खराब नव्हते. स्लाइडचा रिमोट कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणून दिसतो. असे सहा लावा नाहीतर दहा, पॉवरपॉइंटला एवढंच कळतं की पुढे जायचं बटण दाबलं गेलं. कोणी दाबलं, हे कळत नाही. लॉजिटेकचा युनिफाइंग रिसीव्हर एकटा सहा कीबोर्ड-माऊस घेतो, पण तिथेही गोष्ट तीच. म्हणजे जोडणं सोपं आहे, पण आपल्याला दाबणारा ओळखायचाय.

टीम चारच असतील तर गेमचे वायरलेस कंट्रोलर चालतात. प्रत्येकाला वेगळा प्लेअर नंबर मिळतो. एक्सबॉक्सच्या पद्धतीचे कंट्रोलर विंडोजवरचे बहुतेक प्रोग्राम एका वेळी चारच घेतात, हे लक्षात ठेवा. आणि पॉवरपॉइंटला कंट्रोलर कळत नाही, त्यामुळे कंट्रोलर घेणारं क्विझचं सॉफ्टवेअर आधी शोधा, मग खरेदीला जा.

पूर्ण वर्ग किंवा सभागृह असेल तर क्लिकरचा सेट लागतो. 'कोण होईल मराठी करोडपती'मध्ये प्रेक्षक मत द्यायचे, तसला प्रकार. लॅपटॉपला एकच रिसीव्हर, आणि प्रत्येक रिमोटला स्वतःचा नंबर. बटण दाबलं की उत्तरासोबत तो नंबरही जातो. घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा: पहिलं कोणी दाबलं ते दाखवतं का? काही सेट फक्त मतं मोजतात. कार्यक्रम मंडळाचा असेल तर तेवढ्याने भागत नाही. शेजारच्या खोलीत दुसरा सेट चालवायचा असेल तर चॅनेल बदलता येतो का, तेही विचारून घ्या.

आता रेंजची भानगड. हे रिमोट बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच. लॅपटॉपचा निळा यूएसबी ३ पोर्ट, विशेषतः बाजूला हार्ड डिस्क चालू असताना, याच पट्ट्यात गोंगाट करतो. इंटेलनेच २०१२ साली हे कागदावर मांडलंय. शिवाय माणसाचं अंग हा सिग्नल शोषतं. रिकाम्या हॉलमध्ये चाललेला सेट भरलेल्या हॉलमध्ये दगा देतो तो त्यामुळे. मी मीटर-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर वापरतो आणि रिसीव्हर लोकांच्या डोक्याच्या वर बांधतो. साध्या वायरने निम्म्या तक्रारी गेल्या.

भांडवल नसेल तर प्लिकर्स बघा. प्रत्येक मुलाच्या हातात छापलेलं कार्ड, ते चार बाजूंनी फिरवून उत्तर द्यायचं, आणि सर मोबाईलच्या कॅमेऱ्याने वाचतात. ६३ मुलांपर्यंत चालतं. किन्हवली, धसईकडच्या क्लासला सुरुवातीला हेच दाखवा. सेल नकोत की रिमोट नकोत. फक्त आधी कोणी उत्तर दिलं, हे यात ठरत नाही.

हिशोब असा मांडा. समजा सेट ३०,००० ला पडला आणि एका कार्यक्रमाचं भाडं १,५००. तुम्ही म्हणाल, वीस कार्यक्रमांत वसूल. पण सेल, रिक्षा आणि सोबतच्या पोराचे मिळून ५०० गेले तर हातात १,००० उरतात, म्हणजे तीस कार्यक्रम. आपल्याकडे गणपती, नवरात्र आणि शाळांची स्नेहसंमेलनं सोडली तर मागणी पातळच असते. म्हणून मी आधी तीन क्लासवाल्यांशी महिन्याचं बोलून घेतलं, सेट नंतर आणला.

प्रत्येक रिमोटवर नंबरचं स्टिकर लावा आणि डिपॉझिट घ्या. परत घेताना नुसते मोजू नका, नंबर लावून बघा. माझा १७ नंबर अजून कोणाच्या तरी घरी आहे.