हापशी मिळाली, पाणी तपासायचं राहिलं

"माझं नाव छापू नका, चूक मात्र जरूर छापा," केळापूर तालुक्यातली ती कार्यकर्ती सांगते.

पांढरकवड्याहून आत वळलं की कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या लागतात. ती ज्या पोडावर काम करायची, तिथल्या बाया उन्हाळ्यात लांबच्या विहिरीवरून डोक्यावर गुंड घेऊन पाणी आणत. तिनं बायांना जमवलं, ग्रामसभेत ठराव करून घेतला, अर्जामागून अर्ज दिले. दोन वर्षांनी बोअर झाली, हापशी बसली. पहिली धार आली तेव्हा पोडाच्या नाईकानं नारळ फोडला.

सात-आठ वर्षांनी दुसरी-तिसरीतल्या पोरांना नवे दात आले, ते पिवळट-तपकिरी पट्टे घेऊनच. "खर्रा खातो का रे?" तंबाखू-सुपारीचे डाग समजून पोरांना सगळेच दटावू लागले. तिनंही आयांना सांगितलं, नीट दात घासून घ्या. शेवटी एक आई चिडली. "ताई, माझ्या पोरानं खर्रा तोंडाला लावला नाही. राखेनं घासघासून हिरड्यांतून रक्त आलं, डाग तसाच आहे. मग हे कशाचं?"

मग कुठे हापशीचं पाणी तपासायला गेलं. त्यात फ्लोराइड निघालं, मर्यादेच्या वर.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दात आणि पुढे सांधे, कणा, हाडं धरली जातात. हे फ्लोराइड जमिनीखालच्या खडकातून पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही. पांढरकवडा परिसरातल्या भूजलात ते जास्त असल्याचा अभ्यास 'करंट सायन्स' या नियतकालिकात 2007 सालीच छापून आला होता. पोडावर तो कुणी सांगितला नाही. "आणि मी विचारलंही नाही," हे ती आजही कळवळून बोलते. गावात ज्याच्याकडे पैसा आहे तो पाण्याची कॅन विकत घेतो. पोडावर हापशीशिवाय काय आहे?

म्हणून आता कुठल्याही पोडावर गेली की तिचं पहिलं सांगणं असतं, की नुसतं पाणी मागू नका, तपासलेलं पाणी मागा. ठरावातच लिहा: बोअर झाल्यावर फ्लोराइड तपासावं आणि अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवावा. कोलाम ही कातकरी आणि माडिया गोंडांसारखीच आदिम जमात. 2023 च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत अशा वस्त्यांसाठी घर, रस्ता आणि पाणीही आहे. तिच्यासाठी मागण्या लिहिताना तपासणीची ही ओळही घालायला हवी.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. साध्या गाळणीनंही ते जात नाही. तुरटी आणि चुना ठरावीक मापात घालून ते काढायची पद्धत नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनं शोधली, तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. पण मापाचं काम अंदाजानं करू नये. शुद्धीकरण यंत्र मिळत असेल तर आतलं द्रव्य कोण बदलणार आणि वीजबिल कोण भरणार, हे आधी लिहून घ्यावं. तिच्या पोडावर शेवटी जुनीच विहीर उपसली. उथळ विहिरीत फ्लोराइड सहसा कमी असतं, तरी तेही तपासून घेतलं. उघडी विहीर म्हणून ब्लीचिंग पावडर मात्र न चुकता टाकावी लागते. हापशीवर लाल रंग मारला, तिचं पाणी भांड्यांना आणि धुण्याला.

डागाळलेले दात पुन्हा पांढरे होत नाहीत, हे आयांना तिनं स्वतः जाऊन सांगितलं. तो दिवस तिला फार जड गेला. धाकट्यांची हाडं अजून वाचवता येतात. त्यांच्या ताटात दूध आणि पावसाळ्यात तरोट्याची भाजी यावी, कारण तरोट्यात भरपूर कॅल्शियम असतं. काळा चहा आणि सुपारी बंद.

नमुना घेताना बाटली प्लास्टिकची घ्यावी, काचेची नको. त्याच पाण्यानं ती दोन-तीनदा विसळावी, वर स्रोत आणि तारीख लिहावी. एक नमुना पावसाळ्यानंतर, दुसरा मे महिन्यात, आणि दोन्ही अहवालांची प्रत अंगणवाडीत.