भिंतीचा गिलावा काढावा का?



ख्रिस्तमंदिराच्या डागडुजीची चर्चा सुरू झाल्यापासून एक सूचना वारंवार आमच्या कानी येते: बाहेरचा गिलावा काढून जांभा उघडा ठेवावा, म्हणजे आपले मंदिर जुन्या गोव्याच्या बॉम जिझस बॅसिलिकेसारखे दिसेल. तेव्हा त्या वास्तूकडेच थोडे पाहू.

ती येशूसंघीयांनी १५९४ ते १६०५ या काळात बांधली. रोममधील त्यांचे इल जेझू मंदिर १५८४ साली पूर्ण झाले होते. त्रेंतच्या धर्मपरिषदेच्या (१५४५-६३) त्या काळात प्रवचनाला महत्त्व आले. म्हणून इल जेझूत मध्ये खांबांच्या रांगा न घेता एकच रुंद दालन ठेवले. मागच्या माणसालाही वेदी दिसावी, शब्द ऐकू यावा, हा हेतू. गोव्यातही तसेच एकच दालन आहे. बरोक शैली म्हणजे नुसती सोनेरी वेलबुट्टी नव्हे!

आणि तो लाल जांभा? तो मुळात चुन्याच्या गिलाव्याखाली होता. वास्तू अधिक जुनी दिसावी म्हणून १९५० च्या दशकात गिलावा उतरवला. जांभा सच्छिद्र, पाणी शोषणारा. तेव्हापासून तो पावसात झिजतो आहे. गिलावा पुन्हा चढवावा, अशी मागणी २०२० साली तेथील धर्मगुरूंनीच केली.

आपल्याकडचा पाऊसही काही कमी नाही. गिलावा राहू द्यावा, असे आमचे मत आहे. मागच्या बाकांवर प्रवचन नीट ऐकू येत नाही, ही तक्रार मात्र आधी हाती घ्यायला हवी. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर त्यावर बोलू.